दोन कल्पनांची आवाजी बारी: पहिला सामना असा उभा करा

आवाजांचा कोलाज म्हणजे निरनिराळ्या ठिकाणी टिपलेले आवाज कापून, पुढे-मागे लावून, एकावर एक चढवून केलेली रचना. सामना म्हणजे असे दोन कोलाज एकाच वेळी, एकाच रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर एकमेकांना भिडवायचे. एक बाजू एका कल्पनेची, दुसरी बाजू तिच्या विरुद्ध कल्पनेची. गाणं नाही, भाषण नाही. युक्तिवाद करायचा तो फक्त आवाजांनी.

हे ऐकायला नवं वाटेल, पण आपल्याकडे याचा सांगाडा तयार आहे. कलगी-तुऱ्यात हेच होतं: कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची, आणि प्रकृती श्रेष्ठ की पुरुष यावर रात्र रात्र सवाल-जवाब रंगतात. सिंधुदुर्गातल्या डबलबारीत दोन भजनी बुवा आळीपाळीने बारी करतात आणि समोरच्याने टाकलेला शब्द उचलून परत देतात. दुसरा धागा पॅरिसचा. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी पिएर शेफर यांनी फ्रेंच रेडिओवरून रेल्वे इंजिनं, भांडी वगैरेंच्या आवाजांपासून बांधलेल्या रचना प्रसारित केल्या, आणि टिपलेला आवाज हेच संगीताचं द्रव्य होऊ शकतं हे लोकांच्या कानावर पडलं. तिसरा धागा जमैकाचा: किंग्स्टनच्या रस्त्यांवर दोन साउंड सिस्टिम, म्हणजे मोठाले स्पीकर आणि तबकड्या घेऊन वाजवणारे गट, समोरासमोर उभ्या राहायच्या, आळीपाळीने वाजवायच्या आणि गर्दी निकाल द्यायची. या तिन्हींतून आपल्याला जे हवं ते घ्यायचं.

सगळ्या लेखाला पुरेल असा एक नियम आधीच सांगतो. जवाब म्हणजे समोरच्याचा आवाज उचलून त्याचा अर्थ फिरवणं. हे जमलं नाही तर दोन माणसं शेजारी बसून आपापलं वाजवत आहेत एवढंच उरतं, आणि मग जो मोठ्याने वाजवतो तो पुढे जातो. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीसाठी आहे.

पायरी १: कल्पनांची जोडी ठरवा

इथे घाई करू नका. अर्धा सामना जोडी निवडतानाच ठरतो.

नवखे लोक हमखास मोठे शब्द निवडतात: स्वातंत्र्य विरुद्ध गुलामी, चांगलं विरुद्ध वाईट. अशा जोड्यांना आवाज नसतो, त्यामुळे मग भाषणांचे तुकडे आणावे लागतात आणि कोलाजऐवजी वादविवाद स्पर्धा होते. शिवाय जिथे एक बाजू आधीच हरलेली आहे तिथे सामना कसला? गुलामीच्या बाजूने कोण मनापासून वाजवेल? धर्म, जात, पक्ष यांच्या जोड्या तर पहिल्या प्रयोगाला घेऊच नका. आवाजाला खुलासा करता येत नाही. दुखावलेल्या माणसाला ‘माझा अर्थ तो नव्हता’ हे सांगायला तुमच्याकडे शब्द नसतील.

चांगल्या जोडीच्या तीन खुणा आहेत. दोन्ही कल्पना शब्दांशिवाय ऐकू आल्या पाहिजेत. दोन्ही बाजूंवर प्रेम करता आलं पाहिजे. आणि निदान दोन-तीन आवाज असे हवेत की ज्यांच्यावर दोन्ही बाजू हक्क सांगू शकतील. ही तिसरी खूण सगळ्यांत महत्त्वाची, कारण जवाब तिथेच जन्माला येतो.

या लेखासाठी मी ‘घाई विरुद्ध सवड’ ही जोडी घेतो. शहरात राहणाऱ्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. ‘ओलं विरुद्ध कोरडं’, ‘घर विरुद्ध प्रवास’, ‘माणसाचा हात विरुद्ध यंत्र’ याही चालतील. जोडी पारखायची असेल तर कागदावर दोन रकाने आखा आणि दहा मिनिटांत प्रत्येक रकान्यात पाच बिनशब्दांचे आवाज लिहा. एखादा रकाना अडला तर जोडी बदला.

पायरी २: माणसं जमवा

प्रत्येक बाजूला दोघे. एक वाजवणारा, एक ऐकणारा. ऐकणाऱ्याचं काम कमी समजू नका. समोरच्याने काय टाकलं, त्यातलं काय उचलण्यासारखं आहे, हे तो वाजवणाऱ्याच्या कानात सांगतो. वाजवणारा आपल्या पुढच्या आवाजाच्या विचारात इतका बुडालेला असतो की त्याला समोरचं धड ऐकूच येत नाही.

पाचवा माणूस मिक्सरवर, म्हणजे दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर. त्याला सूत्रधार म्हणा. तो कोणत्याही बाजूचा नसतो, वेळ राखतो, दोन्हींचा आवाज समान ठेवतो आणि गरज पडली तर कुणालाही बंद करू शकतो. हा अधिकार आधीच सर्वांनी मान्य करायचा. प्रयोग चालू असताना त्यावर वाद नको.

पायरी ३: आवाज टिपा

महाग रेकॉर्डर लागत नाही. हल्लीचा फोन पुरतो, फक्त अ‍ॅप असं निवडा जे वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबता, साठवतं. एमपी३ कापून-ताणून वापरली की तिचा खरखरीतपणा उघडा पडतो. ४८ किलोहर्ट्‌झ ठेवा, जमत असेल तर २४ बिट (हे दोन्ही आकडे रेकॉर्डिंगच्या बारकाव्याचे आहेत). आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या क्षणाला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी बघा. हळू टिपलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

जवळ जा. नवशिक्याच्या रेकॉर्डिंगमध्ये नव्वद टक्के खोली आणि दहा टक्के वस्तू असते. अडकित्त्याने सुपारी कातरताना फोन एक वीत अंतरावर धरा, मग त्यात आधी पात्याची कुरकुर, मग कडक तुटणं, मग खांडं ताटलीत पडणं असे तीन वेगळे आवाज सापडतील. दोन हात लांब धरला तर एकच ‘खट’ मिळेल. उघड्यावर वाऱ्याचा भपका माइकवर बसतो, तो टाळायला माइकवर स्पंज किंवा मऊ मोजा चढवा.

प्रत्येक आवाज निदान तीस सेकंद टिपा आणि शेवटी तोंडाने सांगा: ‘झोपाळा, मागची कडी, दुपार.’ आठवड्याने फाइली उघडाल तेव्हा या बोलण्यावाचून काहीच ओळखू येणार नाही. प्रत्येक जागेची मिनिटभर निव्वळ शांतताही टिपा. दोन तुकडे जोडताना मधल्या फटीत ती घालावी लागते.

प्रत्येक बाजूने वाजवायला निवडलेल्या आवाजांचा संच म्हणजे तिची पेटी. घाईच्या पेटीत काय येईल? कुकरची शिट्टी, जिना धावत उतरणाऱ्या चपला, दुकानाचं शटर, रिक्षाचा हॉर्न, मायक्रोवेव्हची बीप, बॅगेची चेन, लोकलचा डबा रुळांच्या सांध्यावरून जाताना. सवडीच्या पेटीत झोपाळ्याच्या कड्यांची करकर, सुपात तांदूळ पाखडणं, पत्ते पिसणं, बशीत ओतलेल्या चहाचा फुरका, जात्याची घरघर, ओट्यावर ठिबकणारा नळ. ओळखीच्या आवाजाला प्रेक्षक लगेच दाद देतात, पण सगळेच ओळखीचे असतील तर कान सुस्तावतो. चारातला एक असा ठेवा की जो ऐकून लोक ‘हे काय?’ म्हणतील.

माणसांचे आवाज टिपताना विचारा. बाजारातला गलका वेगळा आणि भाजीवाल्या मावशींची ओळखू येणारी आरोळी वेगळी. ती रंगमंचावर वाजणार असेल तर त्यांना आधी सांगा, आणि शक्य झालं तर प्रयोगाला बोलवा. रेल्वे स्थानक, रुग्णालय, न्यायालय अशा ठिकाणी परवानगीशिवाय माइक उभारू नका.

पायरी ४: कापा आणि पेटी भरा

कापायला ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे, फुकट आहे. प्रत्येक आवाजाचे तीन आकार करा: ठिणगी (एका सेकंदाच्या आतली), वाक्य (तीन ते सहा सेकंदांचं) आणि जमीन (अर्ध्या मिनिटाहून लांब, मागे सतत चालणारी). दोन्ही टोकांना पाच-दहा मिलिसेकंदांचा उतार (फेड) द्या, म्हणजे आवाज एकदम सुरू किंवा बंद होणार नाही. तो नसेल तर प्रत्येक कापावर ‘टक’ वाजेल आणि मोठ्या स्पीकरवर ते फार लागतं.

पेटीत चाळीसच्या वर आवाज भरू नका. सोळा पॅडच्या छोट्या कंट्रोलरवर (प्रत्येक पॅड दाबला की त्याला जोडलेला आवाज वाजतो) वाजवणार असाल तर दोन-तीन पानं होतात, तेवढी हाताला पाठ होतात. त्याहून जास्त झालं की वाजवणारा प्रयोगभर स्क्रीनमध्ये शोधत बसतो. लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह किंवा रीपर, फोन-टॅबवर कोआलासारखं स्वस्तातलं सॅम्पलर अ‍ॅप, काहीही चालेल. ज्यावर तुमचा हात बसला आहे ते घ्या.

आता सामायिक पेटी. दोन्ही बाजूंना अगदी तेच आठ आवाज द्या: पत्र्यावरचा पाऊस, घड्याळ, पंखा, दाराची कडी, चपला, टाळी, श्वास आणि कुकरची शिट्टी. यांच्यावरच लढाई होणार आहे.

पायरी ५: जोडणी

दोन लॅपटॉप, प्रत्येकाला एक ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमध्ये आवाज आत-बाहेर नेणारा डबा), मध्ये एक छोटा मिक्सर, दोन स्पीकर. घाई डावीकडे, सवड उजवीकडे. पण दोघांनाही पूर्ण टोकाला लोटू नका. डाव्या भिंतीजवळ बसलेल्याला मग उजवी बाजू ऐकूच येत नाही. पॅनचं, म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवण्याचं, बटण मध्यापासून टोकापर्यंतच्या दोन-तृतीयांश वाटेवर ठेवलं की बाजू कळते आणि सर्वांना सगळं ऐकू येतं. बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी लॅपटॉप साठवून ठेवतो तो तुकडा, २५६ नमुन्यांवर ठेवा. ४८ किलोहर्ट्‌झला तो जेमतेम पाच मिलिसेकंद भरतो, त्यामुळे पॅड दाबल्याबरोबर आवाज आल्यासारखा वाटतो.

समोरच्याचा आवाज चालू प्रयोगात पकडायचा असेल तर मिक्सरला दोन ऑक्झिलरी आउट, म्हणजे निवडक आवाज वेगळे बाहेर काढणाऱ्या जादा वाटा, हव्यात. पहिल्यावर फक्त घाईचा चॅनल चढवा आणि त्याची वायर सवडीच्या इंटरफेसच्या इनपुटला द्या. दुसऱ्यावर फक्त सवडीचा, तो घाईकडे. स्वतःचा आवाज स्वतःकडे परत जाणार नाही हे दोनदा तपासा, नाहीतर क्षणात असह्य शिट्टी सुरू होते. मिक्सर इतका मोठा नसेल तर हा भाग सोडा. सामायिक पेटीवरही उत्तम सामना होतो, आणि पहिल्या वेळी तेच बरं.

चार्जर लावला की घूं घूं ऐकू येतं का? काढला की थांबतं का? तर ती अर्थिंगची भानगड आहे. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स बसवा: वायरीच्या मध्ये बसणारी छोटी पेटी, जिच्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे वायरीतली अर्थिंगची जोड तोडण्याचं, बटण असतं. साउंडवाल्याकडे तो भाड्याने मिळतो. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका, जिवाशी खेळ आहे.

पायरी ६: सामन्याची बांधणी

साधारण अर्धा तास पुरे. मी तमाशाच्या क्रमाला धरून चालतो, कारण आपल्या प्रेक्षकाच्या अंगात तो क्रम मुरलेला आहे.

सुरुवात गणाने. दोन्ही बाजू मिळून तीन मिनिटं, फक्त सामायिक पेटीतले आवाज, अगदी हळू. कोण कुठल्या बाजूचा ते अजून कळू द्यायचं नाही. मग घाईची बारी सहा मिनिटं, मग सवडीची सहा. समोरच्याची बारी चालू असताना आपण गप्प. प्रत्येकाने आपली कल्पना पूर्ण मांडायची. त्यानंतर बाराएक मिनिटं सवाल-जवाब, हा प्रयोगाचा जीव. शेवटी पाच मिनिटं दोघे एकत्र.

सवाल-जवाबाचे नियम थोडे आणि कडक ठेवा. सवाल वीस सेकंदांपर्यंत. जवाबाच्या पहिल्या पाच सेकंदांत समोरच्याचा एक तरी आवाज ऐकू आलाच पाहिजे. त्यानंतर आपलं. जवाब सवालापेक्षा मोठ्याने द्यायचा नाही. हा शेवटचा नियम मी कधीच सोडत नाही. जवाब हळू द्यावा लागला की वाजवणाऱ्याला डोकं लढवावं लागतं.

एक जवाब जवळून बघू. घाई कुकरची शिट्टी टाकते: पाव सेकंदाचा तुकडा, आठ वेळा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर, जणू कुणीतरी स्वयंपाकघराकडे धावतंय. सवडीने काय करावं? तीच शिट्टी सामायिक पेटीतून पूर्ण घ्यावी आणि चौपट सावकाश वाजवावी. वेग निम्मा केला की स्वर एक सप्तक खाली येतो, पाव केला की दोन सप्तकं. तीन सेकंदांची शिट्टी बारा सेकंदांची होते आणि बंदरातून निघणाऱ्या जहाजाच्या भोंग्यासारखी घुमते. तिच्याखाली सुपातल्या तांदळाची सळसळ सोडली की ती लाट वाटायला लागते. घाईचंच हत्यार, पण आता त्यात समुद्र आहे. सभागृहात या ठिकाणी लोक हसतात, आणि मग एकदम शांत होतात.

उलटा जवाबही तितकाच ताकदीचा. सवड लंबकाच्या घड्याळाची टिकटिक निवांत सोडते. घाईने एक टिक उचलावी आणि तिचा वेग वाढवत न्यावा. सेकंदाला वीसच्या आसपास पोचलं की कानाला टिका सुट्या ऐकू येईनाशा होतात आणि त्यांचा एक अखंड, खर्जातला स्वर बनतो. आणखी वाढवलं की स्वर चढत जातो. सवडीचं घड्याळ बघता बघता घाईची मोटर होतं.

अशा चार-पाच युक्त्या प्रत्येक बाजूने घोटून ठेवाव्यात: सावकाश करणं, जलद करणं, उलटं वाजवणं, एका बिंदूवर गोल गोल फिरवणं, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे न वाजवणं. घाईने भरपूर ओतल्यावर सवडीने पाच सेकंद काहीच न करता फक्त एक श्वास सोडणं हा बिनतोड जवाब आहे. परिणामांची, म्हणजे एको (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्बची (आवाज घुमवण्याची), बटणं मात्र आवरा. सगळ्यावर रिव्हर्ब फासला की दोन्ही बाजूंचे आवाज एकाच विहिरीतून येतात आणि फरक पुसला जातो.

शेवटच्या एकत्र भागात कुणी कुणाला उत्तर देत नाही. एकाची जमीन, दुसऱ्याच्या ठिणग्या, मग अदलाबदल. मिनिट राहिलं की सूत्रधार हात वर करतो आणि दोघे एकेक आवाज काढून घेत जातात.

पायरी ७: तालीम

जवाब आधी ठरवून ठेवू नका, पण जवाब देण्याची सवय लावा. तालमीत एकाने काहीही दहा सेकंद वाजवायचं, दुसऱ्याने तीन सेकंदांत उत्तर सुरू करायचं. पंधरा मिनिटं हे करा, मग बाजू बदला. बाजू बदलल्यावर समोरच्याच्या पेटीत काय आहे ते हाताला कळतं. एक तालीम दिवे मालवून घ्या, स्क्रीन झाकून. पॅड पाठ आहेत की नाहीत ते लगेच उघड होतं.

पायरी ८: जागा, कायदा, हक्क

पहिल्या प्रयोगाला पन्नास-साठ माणसांची बंद खोली उत्तम: ग्रंथालयाचं सभागृह, शाळेचा हॉल, एखादा स्टुडिओ. मधोमध टेबलं समोरासमोर, प्रेक्षक दोन्ही अंगांना. वाजवणाऱ्यांचे हात प्रेक्षकांना दिसले पाहिजेत, नाहीतर लोकांना वाटतं की सगळं आधीच भरून आणलं आहे.

उघड्यावर करायचं असेल तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० वाचून घ्या. ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो (सभागृहासारख्या बंदिस्त जागेला यात सूट आहे), निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आहे. ५५ डेसिबलमध्ये सामना रंगत नाही, म्हणून आत करा. आतही प्रेक्षकांच्या मध्यावर फोनच्या मीटरने बघत राहा. सरासरी ८५ च्या वर नेण्याची गरज पडत नाही. तिकीट लावून नाट्यगृहात करणार असाल तर संहिता आणि परवान्याबद्दल काय लागतं ते व्यवस्थापकांना तारीख घेतानाच विचारा.

दुसऱ्याची रेकॉर्डिंग वापरताना सांभाळा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि त्यातल्या गीत-संगीताचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. त्यामुळे जुनी तबकडी आहे म्हणून ती मोकळी आहे असं धरून चालू नका. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातून २००५ मध्ये सुरू झालेल्या फ्रीसाउंडवर मोकळ्या परवान्याचे आवाज मिळतात. प्रत्येकाचा परवाना वेगळा असतो, कुठे नाव द्यावं लागतं, कुठे व्यावसायिक वापर चालत नाही. पण खरं सांगू का, स्वतः टिपलेल्या आवाजाची सर कशालाच नाही. तुमच्या गल्लीतलं शटर तुमच्याच गल्लीतल्या माणसांनी ऐकलं की अंगावर काटा येतो.

पायरी ९: प्रयोगाची संध्याकाळ

दोन तास आधी पोचा. आधी दोन्ही बाजूंची एकच फाइल एकाच पातळीवर वाजवून आवाज जुळवा, मग रिकाम्या हॉलमध्ये चारही कोपऱ्यांत बसून ऐका. माणसं भरली की वरचे स्वर अंगावरच्या कपड्यांत मुरतात, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये किंचित कर्कश वाटलं तरी चालेल. लॅपटॉपचं वाय-फाय, नोटिफिकेशन, झोपी जाण्याची सोय, सगळं बंद. पेटीची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.

सूत्रधाराने सुरुवातीला दोन वाक्यं बोलावीत: कोणत्या दोन कल्पना, कोण कुठल्या बाजूला. बस. आवाज समजावून सांगू नका.

निकाल टाळ्यांच्या जोरावर लावू नका. टाळ्या ताज्या आणि मोठ्या आवाजाला पडतात. त्यापेक्षा दारात एक कागद ठेवा आणि जाताना प्रत्येकाने एकच गोष्ट लिहावी: कोणता आवाज अजून कानात आहे. हे कागद वाचले की कोणाचा जवाब लागला ते टाळ्यांपेक्षा कितीतरी नेमकं कळतं. हमखास असं दिसतं की जो आवाज दोन्ही बाजूंनी वापरला तोच सर्वांत जास्त लोकांनी लिहिलेला असतो.

मिक्सरवरून दोन्ही बाजू वेगवेगळ्या ट्रॅकवर टिपून ठेवा. दोन-तीन दिवसांनी चौघांनी आणि सूत्रधाराने मिळून ऐका, प्रत्येक जवाबावर थांबून. कुठे समोरच्याचं ऐकलं, कुठे आधीच ठरवलेलं दामटलं, ते ट्रॅक वेगळे असल्यामुळे स्वच्छ कळतं. मग सामायिक पेटीतले निम्मे आवाज बदला, आणि पुढचा सामना बाजू बदलून खेळा.